कागद कोण खातंय? : उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फॅक्स-झेरॉक्स मशीनला यूजर कोड लावले, त्याचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग ओतणारी ही मध्यम आकाराची फाउंड्री. नाव देत नाही, त्याची गरजही नाही. प्रकरण २०१९ चं आहे. ऑफिसातलं मशीन झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन आणि फॅक्स एकातच असलेलं. परदेशातल्या कुठल्या तरी ऑफिसात वापरून झालेलं, इथं दुरुस्त करून आम्ही भाड्यानं लावलेलं. महिन्याला ठरावीक भाडं, त्यात ठरावीक पानं, त्यापुढं पानाला पन्नास पैसे. कागद गिऱ्हाइकाचा, टोनर, ड्रम आणि सर्व्हिस आमची. बेळगावात बरीच ऑफिसं अशाच करारावर चालतात.

तक्रार मालकांची. महिन्याला चार हजारांच्या आसपास असणारी पानं दीड वर्षात साडेसात हजारांवर गेली होती. माणसं तेवढीच, ओतकामाचं टनेज जवळपास तेवढंच. शिवाय फॅक्सच्या लाइनचं बिल वाढलेलं. फॅक्स २०१९ मध्ये कशाला, असं कुणी विचारेल. या फाउंड्रीचा एक खरेदीदार जपानमध्ये आहे, आणि तिथल्या काही जुन्या कंपन्या आजही ड्रॉइंगवर हातानं खुणा करून फॅक्स पाठवतात. इकडून क्वालिटीवाले तेव्हा तपासणीचा तक्ता तसाच फॅक्सनं पाठवत. त्यामुळं लाइनला आयएसडी, म्हणजे परदेशी कॉलची सोय, चालू ठेवावी लागत होती, आणि आयएसडी चालू असलेल्या लाइनचं बिल मालक स्वतः वाचतात.

मालकांचा संशय ठरलेला होता. कुणाच्या पोरांच्या नोट्स, कुणाच्या भिशीचे तक्ते, कुणाच्या मंडळाच्या वर्गणीच्या याद्या. गणपतीच्या आधी आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आधी बेळगावातल्या कुठल्याही ऑफिसच्या मशीनवर मंडळाचं काम निघतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण त्यानं फार तर दोनतीनशे पानं वाढतात. साडेतीन हजार वाढायला मंडळ फार मोठं लागेल.

"प्रत्येकाला कोड द्या. कोडाशिवाय मशीन हललं नाही पायजे," मालक म्हणाले. "कोण कागद खातंय ते महिन्याअखेर माझ्या टेबलावर दिसू दे."

कोडाचं काम नेमकं काय

इथं थोडं थांबायला हवं, कारण मालकांच्या डोक्यात होतं ते आणि मशीन देतं ते यात अंतर असतं. यूजर कोड म्हणजे एक नुसता आकडा. आमच्या मशीनवर तो जास्तीत जास्त आठ अंकी. त्याच्या जोडीला पासवर्ड नसतो. आकडा टाकला की मशीन उघडतं आणि पुढची पानं त्या आकड्याच्या नावे मोजतं. ज्याला आकडा माहीत तो वापरणार. हीच सोय रिकोमध्ये यूजर कोड, कॅननमध्ये डिपार्टमेंट आयडी, क्योसेरामध्ये जॉब अकाउंटिंग आणि कोनिका मिनोल्टामध्ये अकाउंट ट्रॅक या नावानं मिळते. काहींत आयडीसोबत वेगळा पिन ठेवता येतो, काहींत नाही. चोर पकडायचा असेल तर लॉगिन-पासवर्डची पद्धत घ्यावी लागते, आणि ती चालवायला ऑफिसात कुणीतरी कॉम्प्युटरचा जाणता लागतो. फाउंड्रीत तो नव्हता. हिशेब हवा असेल तर कोड पुरतो. मी मालकांना हिशेबाचंच आश्वासन दिलं.

मग नावांची यादी झाली आणि पहिली अडचण तिथंच आली. ऑफिसात पाटील तिघं. अकाउंटचे, डिस्पॅचचा आणि गेटवरचे. देसाई दोघं, त्यातला एक चंदगडहून रोज येणारा. स्टोअरमध्ये एक हिरेमठ. मशीनच्या पॅनेलवर देवनागरीही नाही आणि कन्नडही नाही, नावं इंग्रजी अक्षरांत टाकायची आणि तीही पंधरावीस अक्षरांत मावतील अशी. शेवटी आडनाव सोडून खात्याचं नाव आधी आणि मग माणसाचं लघुरूप, असं ठरलं. महिन्याचा कागद अक्षरांच्या क्रमानं निघतो तेव्हा एका खात्याची माणसं एकाखाली एक येतात, हा त्याचा वरचा फायदा.

कोणता आकडा द्यायचा यावर ऑफिसात सगळ्यात जास्त बोलणं झालं. मालकांना पंचिंग कार्डावरचा कामगार नंबर हवा होता, लक्षात ठेवायला सोपा म्हणून. तो प्रत्येकाच्या गळ्यातल्या कार्डावर छापलेला असतो, म्हणजे सगळ्यांचे कोड सगळ्यांना माहीत. जन्मतारखेचंही तेच, ऑफिसात वाढदिवसाचे केक कापले जातात. मी पाच अंकी, एकमेकांशी संबंध नसलेले आकडे दिले आणि एक अट ठेवली: पहिला अंक शून्य नको. कारण मशीनमधून निघालेली मोजणीची फाइल एक्सेलमध्ये उघडली की पुढचं शून्य गळून पडतं. ०४१७२ चं ४१७२ होतं आणि हिशेबात तो माणूस सापडत नाही. तेच कॉम्प्युटरमधल्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये (छापायचं काम मशीनकडं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कुणी शून्य वगळून टाकलं, तर मशीनच्या लेखी तो वेगळाच कोड.

सेटिंगचा दिवस

सेटिंग तसं लहानच. ॲडमिनिस्ट्रेटरच्या मेनूत जायचं, ॲड्रेस बुकमध्ये माणूस नोंदवायचा, त्याच्या पानावर कोड भरायचा. सगळे झाले की यूजर कोडची तपासणी चालू करायची आणि कोणकोणत्या कामाला कोड मागायचा त्यावर खुणा करायच्या: झेरॉक्स, प्रिंट, फॅक्स, स्कॅन. ही खूण करण्याआधी सगळे कोड भरलेले पाहिजेत, नाहीतर तासभर ऑफिस बंद.

आधी जुनं झाडून काढलं. परदेशातून आलेल्या मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये आधीच्या ऑफिसातली माणसं अजून बसलेली होती. नावं, ईमेल, फॅक्स नंबर, काही जुने कोडसुद्धा. बाजारात नवं म्हणून लावलेल्या बऱ्याच जुन्या मशीनमध्ये हे असंच असतं आणि कुणी बघत नाही. जुने कोड राहिले तर पुढच्या हिशेबात भलतीच नावं दिसतात. त्याच बैठकीत फॅक्सची देशाची सेटिंगही बघितली. ती जुन्या देशाची असेल तर इथल्या एक्स्चेंजचा एंगेज टोन मशीनला नीट ओळखता येत नाही आणि लाइन एंगेज असतानाही ते वाट बघत बसतं.

स्कॅनला मी कोड ठेवला नाही. स्कॅनला ना कागद लागतो ना पानामागं पैसे, आणि माणसं झेरॉक्सऐवजी स्कॅन करायला लागली तर मालकांचाच फायदा. मालक म्हणाले, "त्यालापण घाला की." मी म्हटलं, दोन महिने बघू.

मर्यादा घालायचंही त्यांच्या मनात होतं, म्हणजे माणशी इतकी पानं, ती संपली की कोड बंद. मशीनमध्ये ती सोय आहे. मी विरोध केला. डिस्पॅचचा कोड महिन्याच्या सव्वीस तारखेला बंद पडला, गाडी गेटवर उभी आहे आणि चलन निघत नाही, असा प्रसंग मी दुसरीकडं बघितलेला आहे. त्या रात्रीच्या फोनांना मर्यादेतून वाचलेले पैसे पुरत नाहीत.

कोड चालू झाले आणि पहिल्याच सकाळी अकाउंटमधून बोलावणं.

"अवो, टॅलीतनं प्रिंट दिली की गायबच होतंय. एरर नाही, काय नाही. मशीन नुसतं लुकलुकतंय आणि गप्प."

हे ठरलेलंच होतं आणि मी त्यासाठीच थांबलो होतो. प्रिंटला कोड मागायचा ठरला की तो प्रत्येक कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्ये भरावा लागतो. कोड नसलेलं किंवा चुकीच्या कोडाचं काम मशीन घेतं आणि टाकून देतं. पडद्यावर काहीच येत नाही. प्रत्येक टेबलावर बसून ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीज उघडायच्या, त्या माणसाचा कोड भरायचा, एक कोरं पान काढून बघायचं. जिथं एकाच कॉम्प्युटरवर दोन माणसं आळीपाळीनं बसतात, तिथं एकाच प्रिंटरची दोन नावं तयार केली, दोन वेगळ्या कोडांची. काही मशीनमध्ये एक सैल पर्याय असतो, त्यात ड्रायव्हरनं पाठवलेला कोणताही आकडा मशीन नोंदवून घेतं, तपासत नाही. काम अडत नाही, पण एकानं ७ दाबलं, दुसऱ्यानं ७७ दाबलं की हिशेबात अनोळखी मंडळी वाढत जातात. तो पर्याय मी घेतला नाही.

दुसरी गोष्ट पॅनेलवरची. एकानं कोड टाकून दोन झेरॉक्स काढली आणि तो निघून गेला. मशीन मिनिटभर त्याच्याच नावावर उघडं राहतं. मागं उभा असलेला त्यात आपली वीस पानं काढून घेतो. वेळ कमी करता येतो, पण फार कमी केला तर पुस्तकातून पानं काढणाऱ्याला मधेच पुन्हा कोड टाकावा लागतो. तीस सेकंद ठेवले, आणि काम झालं की रिसेट दाबायची सवय लावा असं सांगितलं. सवय निम्म्यांना लागली. उरलेल्या निम्म्यांच्या नावावर दुसऱ्यांची पानं पडत राहिली. दर महिन्याला त्यावरून थोडी कुरबुर होते आणि मिटते.

रात्रपाळीचाही प्रश्न होता. भट्टी रात्री चालते, माल पहाटे निघतो, तेव्हा ऑफिसात गेटवरचे पाटील मामा एकटे. त्यांना स्वतःचा कोड दिला. त्यांनी तो टेबलाच्या खणात आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवला. मी बघितलं आणि काही बोललो नाही. हिशेबाच्या कोडाला तेवढं चालतं.

पहिल्या महिन्याचा कागद

महिना संपला. मशीनचा एकूण मीटर, म्हणजे निघालेल्या सगळ्या पानांची मोजणी, सुमारे साडेसात हजार. सगळ्या कोडांची बेरीज सुमारे साडेसहा हजार. मालकांनी बोट ठेवलं ते थेट या हजाराच्या फरकावर.

"ही पानं कोणाची? कोडाशिवाय मशीन हलत नाही म्हणालात की."

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. कोडांची बेरीज आणि मीटर कधीच जुळत नाहीत, आणि जुळत नाहीत यात बिघाड नाही. या फाउंड्रीत फरकाचा मोठा भाग ए-थ्री, म्हणजे ए-फोरच्या दुप्पट कागदावरच्या, ड्रॉइंगचा होता. करारानुसार ए-थ्रीची एक बाजू मीटरवर दोन धरली जाते, पण कोडाच्या खात्यावर ती एकच पडते. जपानी खरेदीदारानं त्या काळात नवे पॅटर्न (साच्याचे नमुने) दिले होते आणि ड्रॉइंगच्या प्रती पॅटर्न शॉप, मोल्डिंग, क्वालिटी असं सगळीकडं जात होत्या. महिन्याला सहाएकशे पानांचा फरक तिथंच.

"म्हणजे तुम्हीच खाताय की हो कागद!" मालक म्हणाले, आणि सगळं ऑफिस हसलं. करार काढून दाखवला. ती ओळ त्यात होती, त्यांच्याच सहीच्या वर. पुढच्या नूतनीकरणात त्यांनी ए-थ्रीचा दर घासून घेतला, ते वेगळं.

उरलेला फरक फॅक्सचा. आलेला फॅक्स छापताना मशीन कोड मागत नाही. मागणार कुणाला? पाठवणारा ओसाकात बसलेला. आलेली प्रत्येक प्रत मीटरवर पडते, कोणाच्याच नावावर नाही. शिवाय फॅक्सचे अहवाल. पन्नासेक कॉल झाले की जर्नल, म्हणजे कॉलची यादी, आपोआप निघतं, फॅक्स गेला नाही की तसा कागद निघतो, वीज जाऊन मेमरी पुसली गेली तर त्याचाही. हे सगळं बिनमालकाचं. मी मालकांच्या कागदावर एक ओळ वाढवली, 'कोड नसलेली पानं', आणि ती किती असावी याचा अंदाज आधीच लिहून दिला. पुढच्या महिन्यापासून हा प्रश्न आला नाही.

खरी गंमत कोडांच्या यादीत होती. जास्तीत जास्त पानं कोणाची? नोट्सवाल्याची नाहीत, मंडळवाल्याचीही नाहीत. डिस्पॅचच्या पाटलांच्या एकट्याच्या नावावर जवळजवळ तीन हजार पानं.

पाटील बिचारे खुर्चीत आक्रसून बसले. "मी काय करूलालोय वो? गाडी भरली की चलन काढतोय, एवढंच."

तेवढंच करत होते, आणि तेवढ्यानंच पानं वाढत होती. मी त्यांच्या शेजारी बसून एका गाडीचा कागद मोजला. ओतलेल्या कास्टिंगचं मशिनिंग पूर्वी उद्यमबागेतच, दोन गल्ल्या पलीकडं होत असे. दीड वर्षापूर्वी ते काम शिनोळीच्या एका जॉबवर्कवाल्याकडं, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करून देणाऱ्याकडं, गेलं. शिनोळी म्हणजे बेळगावपासून पंधराएक किलोमीटर. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, तुरमुरी, बाची सोडलं की शिनोळी. अर्ध्या तासाचा रस्ता. पण बाचीपर्यंत कर्नाटक आणि शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा. जीएसटीच्या नंबराचे पहिले दोन अंक राज्याचे, एकाचं २९, दुसऱ्याचं २७.

आणि इथं कायद्याचा एक मुद्दा आहे जो सीमेवरच्या कारखानदारांनाच रोज भेटतो. आंतरराज्य मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना काढायची ऑनलाइन नोंद, १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं. साधारणपणे ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला. पण एका राज्यातला मालक दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्कवाल्याकडं माल पाठवत असेल, तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतं. दोन हजारांचे चार ब्रॅकेट टेम्पोत टाकून बाचीच्या पुढं न्यायचे तरी लागतं. कोल्हापूरच्या शिरोलीतला फाउंड्रीवाला गोकुळ शिरगावला माल पाठवतो, तोही तेवढाच लांब, पण त्याला ही अट नाही, कारण दोन्ही टोकं एकाच राज्यात.

शिवाय जॉबवर्कचं चलन तीन प्रतींत काढायचं असतं: एक माल घेणाऱ्याला, एक वाहतूकवाल्याला, एक आपल्याला. तर पाटलांच्या टेबलावरून एका छोट्या टेम्पोमागं जे निघत होतं ते असं: चलन तीन पानं, ई-वे बिल दोन प्रती, कास्टिंगची यादी दोन, तपासणीचा तक्ता दोन. गाडी परतली की सही होऊन आलेल्या चलनाची 'सेफ्टीसाठी' एक झेरॉक्स. मशिनिंग होऊन माल परत आला की जॉबवर्कवाल्याच्या चलनाच्या तीन झेरॉक्स, स्टोअर, अकाउंट आणि क्वालिटीला. एका फेरीची तेरा पानं. टेम्पो छोटे, माल जसा थंड होईल तसा जाणारा, म्हणून दिवसाला सातआठ फेऱ्या. गुणाकार करून बघा, महिन्याचे अडीच हजारांच्या वर जातात. वाढलेल्या साडेतीन हजारांतला सिंहाचा वाटा हाच.

मालक बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिले. मग अकाउंटच्या काकांना हाक मारली. "काका, ई-वे बिलाचं छापील द्यावंच लागतंय काय?"

काकांनी त्यांच्या सीएना फोन लावला. नियमात छापील प्रत किंवा नुसता ई-वे बिलाचा नंबर, दोन्ही चालतं. ड्रायव्हरच्या मोबाईलवर नंबर असला तरी पुरतो. पण रस्त्यात कुणी अडवलं तर ड्रायव्हरला हातात कागद हवा असतो, म्हणून एक प्रत ठेवली, फाइलीतली दुसरी काढून टाकली. कास्टिंगची वेगळी यादी बंद, त्याच ओळी चलनातच घेतल्या. परत आलेल्या चलनाच्या तीन झेरॉक्सऐवजी एक स्कॅन, तिघांच्या कॉम्प्युटरवर. स्कॅनला कोड न ठेवणं इथं कामाला आलं. 'सेफ्टी' झेरॉक्स मात्र पाटलांनी हट्टानं ठेवली. पूर्वी एकदा सहीचं चलन हरवून त्यांना बोलणी बसली होती. एका फेरीची तेरा पानं सातवर आली.

याच टप्प्यावर मी कोडांची रचना बदलली. पाटलांच्या वैयक्तिक कोडाशिवाय 'शिनोळी' नावाचा एक कामाचा कोड काढला आणि डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर चलनासाठी त्याच नावाचा वेगळा प्रिंटर केला. माणसाचा कोड आणि कामाचा कोड मिसळला की यादी माणसाविरुद्धचा पुरावा वाटायला लागते. कोड लावायला बोलावलं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: इथं सगळ्यांसाठी छापण्याचं काम कोण करतो? त्या कामाला आधी कोड, माणसांना नंतर. पाटलांनी तीन हजार पानं खाल्ली हे मशीननं खरंच सांगितलं होतं. त्यातली कोणासाठी होती, हे मशीनला सांगता येत नाही.

आणि एकूण भानगड किती रुपयांची? वाढीव पानांचे महिन्याला सतराअठराशे, कागदाचे सात रिम म्हणजे चौदाशेच्या आसपास. सव्वातीन हजारांच्या आसपास. त्यासाठी दीड वर्ष सगळं ऑफिस एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होतं.

फॅक्सची गोष्ट वेगळी

फॅक्सला कोड लावून बिल कळत नाही, हे मालकांना पटवायला जास्त वेळ लागला. कोड पानं मोजतो, टेलिफोनचं बिल मिनिटं मोजतं, आणि फॅक्समध्ये सगळी पानं सारख्या मिनिटांची नसतात. मशीन पान ओळीओळीनं वाचतं आणि पांढरी लांब रिकामी जागा थोडक्यात सांगून पुढं जातं. टाइप केलेलं स्वच्छ पत्र झटकन जातं. झेरॉक्सची झेरॉक्स, मागं करडी छटा, त्यावर शिक्का आणि हातानं काढलेलं वर्तुळ, असं पान कितीतरी पट रेंगाळतं. त्यात 'फाइन' लावलं की मिलिमीटरला ३.८५ ओळींऐवजी ७.७ ओळी, म्हणजे वेळ दुपटीच्या घरात.

म्हणून कोडाची यादी बाजूला ठेवली आणि जर्नल घेऊन बसलो. जर्नलमध्ये प्रत्येक कॉलची वेळ, नंबर, पानं आणि किती मिनिटं लागली हे सगळं असतं. क्वालिटीच्या कोडावर पानं महिन्याला शंभराच्या आत, पण मिनिटं भरमसाट. कारण सापडलं. कुणीतरी कधीतरी आकडे नीट उमटावेत म्हणून मशीनची कायमची सेटिंग 'फाइन' आणि 'फोटो' करून ठेवली होती. तेव्हापासून साधं पत्रसुद्धा फोटोसारखं जात होतं. कायमची सेटिंग परत साधी केली, आणि तपासणीच्या तक्त्यासाठी क्वालिटीला एकच बटण करून दिलं, त्यात फाइन आणि मजकूर. तक्ता झेरॉक्सवरून न पाठवता मूळ कागदच लावायचा, असंही ठरलं. पुढच्या बिलात मालकांना फरक दिसला आणि तेव्हापासून फॅक्सच्या कोडाची यादी त्यांनी मागितली नाही, जर्नल मागितलं.

आलेल्या फॅक्सचा मात्र पूर्ण तोडगा निघाला नाही. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. तिथं सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा इथं साडेपाच, रात्रपाळी अजून सुटलेली नसते. त्या वेळी आलेली पानं ट्रेवर पडून राहायची आणि पहाटेच्या चलनांच्या गठ्ठ्यात मिसळून शिनोळीला फिरून यायची. हे दोनदा झालं होतं. मशीनमध्ये मेमरी लॉकची सोय आहे: आलेला फॅक्स छापायचा नाही, आत ठेवायचा, सकाळी क्वालिटीवाल्यानं येऊन आपला आकडा टाकला की निघेल. कागदावर उत्तम. पण उद्यमबागेत रात्री वीज ट्रिप होते, आणि या मशीनची फॅक्सची मेमरी वीज गेल्यावर तासाभरापलीकडं भरवशाची नाही. लेझर मशीनला ऑफिसातला छोटा यूपीएस झेपत नाही, कागदावर टोनर पक्का करणारा फ्यूजर तापताना यूपीएस चीं चीं करून बंद पडतो. गुपिताचा प्रश्न असता तर मी मोठ्या यूपीएसचा आग्रह धरला असता. इथं प्रश्न पानं हरवण्याचा होता. म्हणून मेमरी लॉक सोडून दिला आणि फॅक्सची पानं वेगळ्या ट्रेवर पडतील अशी सेटिंग केली. त्या ट्रेवर स्टोअरच्या हिरेमठांनी लाल चिकटपट्टी लावली. "ह्यातलं कुणी काढायचं न्हाई री, साहेब आल्याशिवाय," असं त्यांनी पाटील मामांना बजावलं. कन्नड-मराठी मिसळून झालेला हा हुकूम आजतागायत पाळला जातोय.

पुढं त्या लाइनची तांब्याची जोडी जाऊन फायबर आलं. फायबरच्या डब्यावरच्या टेलिफोनच्या खाचेत फॅक्स लावला की आवाज नीट जातो, फॅक्स अडखळतो, कारण आवाजाचे तुकडे करून पाठवताना फॅक्सचे स्वर मधेच तुटतात. सुपर जी-थ्री या वेगवान फॅक्स पद्धतीचा सेकंदाला ३३,६०० बिटांचा वेग बंद केला, १४,४०० वर आणला, तरी तुटत होतं. ९,६०० वर स्थिरावलं. वेग उतरला म्हणजे मिनिटं वाढली, आणि जर्नलचा कागद मालकांच्या टेबलावर गेला की त्यांनी पुन्हा मला फोन केला. बटण तेच, सेटिंग तीच, लाइन बदलली एवढं सांगितलं. जपानी खरेदीदाराला पीडीएफ चालतं का, हे विचारून बघा म्हटलं. तक्ता आता ईमेलनं जातो. ड्रॉइंगवरच्या खुणा अजून फॅक्सनंच येतात.

कोडांच्या यादीत शेवटचा बदल डिस्पॅचचे पाटील नोकरी सोडून गेले तेव्हाचा. नव्या पोराला त्यांचाच कोड देऊन टाका, असं अकाउंटचे काका म्हणाले, प्रिंटर ड्रायव्हरमधला कोड बदलायचा त्रास नको म्हणून. मी दिला नाही. जुन्या कोडाची मोजणी आधी कागदावर काढून घेतली, आकडा शून्य केला, कोड पुसला आणि पोराला नवा दिला. 'शिनोळी'चा कोड होता तसाच राहिला. त्याला हात लावायची गरज नव्हती, कारण तो कुणा माणसाचा नव्हताच. चलनाचा प्रिंटर तेवढा नव्या कॉम्प्युटरवर चढवून दिला आणि एक चाचणीचं पान काढलं.